छकुली आणि मोती

फ्रेम करायला आलेलं चित्र टेबलावर बहुतेक वेळ पालथंच पडलेलं असतं. चौकट जोडायची, काच पुसून बसवायची, त्यावर चित्र उलटं घालायचं, पाठीला हार्डबोर्ड, बोर्डाला बारीक चुका ठोकायच्या, आणि शेवटी मैद्याची खळ लावून खाकी कागद. चित्राचं तोंड बघावं लागतं ते माप घेताना आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना, बस. हाच धंदा का धरलास असं फ्रेमवालीला कुणी विचारलं की ती म्हणायची, "पाठ बघायला मिळते म्हणून." लोक हसायचे. ती हसायची नाही.

कारण दुकानात येणाऱ्या चित्रांत तिच्या बापाचं एखादं असायचंच. तुम्हीही ती चित्रं पाहिली असतील. दाताच्या दवाखान्यात, केस कापायच्या दुकानात, कुणाच्या तरी आत्याच्या बैठकीच्या खोलीत, बिस्किटांच्या डब्यावर. गोबऱ्या गालांची एक मुलगी, पांढरा फ्रॉक, कुशीत कुत्र्याचं पिल्लू. पिल्लू तिचा गाल चाटतंय, मुलगी डोळे अर्धे मिटून हसतेय, बाजूला लोकरीचा गुंडा घरंगळलाय, खिडकीतून ऊन आलंय. नाहीतर तीच मुलगी बशीतून मांजरीला दूध पाजतेय. नाहीतर पिल्लू आजारी आहे आणि ही त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतेय. खाली नाव छापलेलं, 'छकुली आणि मोती', 'छकुली आणि मनी', 'छकुलीचा पेशंट'. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. फ्रेमवालीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

मध्यंतरी एक बाई असंच जुन्या कॅलेंडरचं चित्र गुंडाळून घेऊन आली. तारखा कापून टाकलेल्या, चित्र तेवढं ठेवलेलं.

"जपून हं," ती म्हणाली. "सासूबाईंच्या खोलीतलं आहे. त्या गेल्या तेव्हा म्हटलं, मला दुसरं काही नको, हे द्या. काय ते प्रेम! त्या कुत्र्याचे डोळे बघा हो, माणसाला लाजवतील."

"पट्टी सोनेरी लावू का काळी?"

"सोनेरीच. अगंबाई, हे वर राहतात त्या मास्तरांचं ना? मग ही तुम्ही की काय?"

"नाही. ती मेली."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. "अरे देवा! कशाने हो?"

"रडून," फ्रेमवाली म्हणाली आणि चित्र पालथं घातलं. "परवा घेऊन जा."

आता तुम्ही म्हणाल, काय ही उर्मट बाई. आहेच उर्मट. पण आधी ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

मास्तर म्हणजे तिचा बाप. एकेकाळी शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून मास्तर. एका पोराने गाढव निळं रंगवलं म्हणून त्यांनी लाकडी डस्टर फेकून मारला, पोराचं कपाळ फुटलं आणि शाळेने मास्तरांना नारळ दिला. मुलांचा त्यांना मनस्वी तिटकारा. मुलं ओरडतात, चिकट असतात, प्रश्न विचारतात. कुत्र्यांचा तर त्याहून जास्त. कुत्रा अंगाला लागला की मास्तर हात साबणाने दोनदा धुणार. आणि असा हा माणूस जन्मभर मुलं आणि कुत्री रंगवून पोट भरत राहिला! गोडवा होता नव्हता तेवढा सगळा कॅनव्हासवर जायचा, घरात वाटायला एक थेंब उरायचा नाही.

पण कामाला पक्के. फोटोवरून काढायचं नाही, समोर बसवूनच काढायचं. समोर कोण बसणार? घरची पोर. फुकटची, हाताशी असलेली. चौथं लागलं आणि तिला खिडकीपाशी सतरंजीवर बसवली. हलायचं नाही, नाक खाजवायचं नाही, शू लागली तर आधी सांगायचं. पिल्लू मात्र सांगून ऐकत नाही ना. त्यासाठी मास्तरांची एक युक्ती होती. दुधावरची घट्ट साय ते वाटीत झाकून ठेवायचे. चहाला मागितली तर आईला मिळायची नाही. बसायच्या आधी बोटभर साय पोरीच्या गालाला, कानामागे, मानेच्या वळीत लावायची, की पिल्लू आपोआप गळ्यात पडतं, चाटतं, डोळे मिटतं, जीव ओवाळून टाकतं. बघणाऱ्याला वाटतं, काय ही माया! ती सगळी साय होती.

पोरीला हे माहीत होतं का? साय लावतात हे माहीत होतं. पण तिला वाटायचं, ती चेहऱ्याला चकाकी यावी म्हणून लावतात. मोती चाटतो तो आपल्यावर जीव आहे म्हणून. लहान मुलाला दुसरं काय वाटणार?

आणि नाव. घरात तिला कुणी धड नावाने हाक मारत नसे, आई 'अगं' म्हणायची, बाप 'ए' म्हणायचा. पण चित्राची वेळ झाली की मास्तर खोलीतून आवाज द्यायचे, "छकुली!" आणि तिने जिथे असेल तिथून मोठ्याने "ओ" द्यायची आणि धावत जायचं. हा नियमच होता. मास्तरांचं म्हणणं, नाव गोड घेतलं की पोरीचा चेहरा खुलतो. खुलायचाच तो. अख्ख्या दिवसात बापाच्या तोंडून येणारा तेवढा एकच गोड शब्द होता आणि तो तिचा होता.

आता कुत्र्याचं पिल्लू काही जन्मभर पिल्लू राहत नाही. थोड्याच दिवसांत पाय लांब होतात, तोंड टोकदार होतं, मग चित्रं विकत घेणाऱ्या कॅलेंडरवाल्याला ते चालत नाही. की मास्तर एक दिवस सांगायचे, "मोती त्याच्या आईकडे गेला." आणि लगेच मोती परत यायचा, पुन्हा इवलासा झालेला! पाठीवरचा डाग पोटावर गेला तरी मास्तर ठासून सांगायचे, "तोच आहे, आंघोळ घातली." पोर मान डोलवायची. असे किती मोती आले आणि गेले, मोजदाद नाही.

ती सात-आठ वर्षांची असताना एकदा मात्र तिला वाटलं, आपण मोतीची आई बघून यावी. बाप पिशवी घेऊन निघाला तशी ती मागे मागे गेली. पूल ओलांडून लाकडाच्या वखारीमागे कचऱ्याची मोकळी जागा होती. तिथे मास्तरांनी पिशवी उपडी केली, झटकली, घडी घालून काखेत धरली आणि मागे वळले. मोती शेपूट हलवत त्यांच्या मागे धावला. मास्तरांनी दगड उचलला. नेम बरा होता त्यांचा, डस्टर फेकायची सवय होती.

रात्रभर पोर रडली. सकाळी डोळे सुजून भोपळे झाले होते. मास्तरांनी हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवला आणि म्हणाले, "हे काय करून ठेवलंस? रडका चेहरा भिंतीवर कोण लावणार?" तरी हुंदके थांबेनात, तेव्हा त्यांनी नवा मोती आणला, पोरीच्या गालाला साय लावली. मोती आला, चाटू लागला. मग मास्तरांनी ओल्या फडक्याने तिचा गाल, कान, मान खसाखसा पुसली. मोतीने एकदा हुंगलं, आणि तो सरळ कोपऱ्यातल्या वाटीकडे निघून गेला.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "तुझ्यासाठी नव्हताच तो. कशाला रडतेस?"

त्यांना ते शहाणपणाचं वाटलं. कदाचित दयेचंही वाटलं असेल, कोण जाणे.

पुढल्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात होती. खोलीतून हाक आली, "छकुली!" ती "ओ" म्हणत धावत गेली. दारातच थांबली. सतरंजीवर तिची धाकटी मावसबहीण बसली होती, अंगात तिचाच पांढरा फ्रॉक, कुशीत मोती. मास्तरांनी मान वर केली.

"तू नाही," ते म्हणाले. "आत जा."

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं झालं. पण त्या मावसबहिणीचा तिला कधी राग आला नाही. तीही मोठी झाली, तिलाही 'आत जा' ऐकावं लागलं, मग आणखी कुणाची तरी मुलगी आली. नाव तेच राहिलं. एक फ्रॉक सगळ्यांनी घालून वापरावा तसं ते नाव सगळ्यांनी वापरलं.

तर अशी ही छकुली. मोठी झाली, चौकटी करायला शिकली, ट्रकवर असणाऱ्या एका बऱ्या माणसाशी लग्न केलं, त्याचं निम्मं आयुष्य रस्त्यावर. आईचे गुडघे गेले म्हणून बापाच्याच घराच्या खालच्या मजल्यावर तिने दुकान थाटलं आणि मागच्या खोलीत संसार. बाप वर, लेक खाली, मधे जिना. बोलणं सगळं आईमार्फत. "त्यांना सांग, पाणी बंद आहे." "तिला सांग, ठोकाठोकी कमी कर." आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तरी तोंडातच राहतात. पट्ट्या आणायला ती पुलापलीकडच्या त्याच वखारीत जायची, पण मागच्या बाजूला कधी वळायची नाही.

आणि तिला एक मुलगी. सहा वर्षांची, चुणचुणीत, सगळे तिला टिकली म्हणायचे. शाळा सुटली की टिकली दुपारभर वर आजीकडे असायची, कारण दुकानात काचा आणि चुका. शेजारीण म्हणायची, "नातवंडं म्हणजे दुधावरची साय हो, मास्तरांचा जीव असेल तिच्यात." साय हा शब्द ऐकला की फ्रेमवाली ठोकाठोकी सुरू करायची.

असं सगळं चाललं असताना कॅलेंडरवाला उगवला. कित्येक वर्षांत फिरकला नव्हता, फोटोची कॅलेंडरं काढत होता. आता म्हणे लोकांना पुन्हा जुनं हवंय, हाताने काढलेलं हवंय. जिन्यात उभा राहूनच तो साखर पेरत होता, "मास्तर, ते डोळे तुम्हीच काढावेत, दुसऱ्याची टाप नाही." मास्तरांचा हात तोवर असा थरथरत होता की चहा बशीत अर्धा सांडायचा. पण गडी फुलला.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः जिना उतरून दुकानात आले. फ्रेमवाली हिरकणीने काच कापत होती. तिने हिरकणी खाली ठेवली नाही.

"पोरीला उद्यापासून माझ्याकडे बसव," मास्तर म्हणाले.

"नाही."

"अजून विचारलं कुठे मी, सांगतोय."

"मीही सांगतेय. टिकली बसणार नाही."

"शेवटचं काम आहे माझं."

"तुमचं शेवटचं असेल, तिचं पहिलं आहे. नाही म्हणजे नाही."

मास्तरांचा आवाज चढला. "तुला काय कमी केलं होतं गं मी? घराघरांत तुझं चित्र आहे. राजाच्या पोरीचं नसेल एवढं!"

"मला कुत्रा हवा होता, बाबा."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "कुत्रे?" ते म्हणाले. "अगं, कुत्रे तर किती आणले!"

ते ढोंग करत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि तिला त्याचाच सगळ्यांत जास्त राग आला. तिने कापलेली काच मुद्दाम कर्रकन तोडली आणि म्हणाली, "जा वर."

त्या संध्याकाळी तिने आईला गाठलं. "शब्द दे. बाबा टिकलीला बसवणार नाहीत. तिची छकुली झालेली मला चालणार नाही, सांगून ठेवते. नाहीतर उद्यापासून तिला वर पाठवत नाही." आईने शब्द दिला. देताना ती पातेल्याकडे बघत होती, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण आईवर डोळ्यांत तेल घालून पहारा कोण ठेवतं?

बरेच दिवस काही झालं नाही. म्हणजे तिला तसं वाटलं. टिकली वर जायची, खाली यायची, बिस्किटांचे चुरे फ्रॉकवर असायचे, कधी केसही असायचे, पण खालच्या गल्लीत कुत्री हिंडायचीच. मग एका दुपारी टिकली रोजच्यापेक्षा लवकर खाली आली. स्टुलावर चढून बसली आणि पाय हलवत राहिली. फ्रेमवाली त्या सासूबाईवाल्या चित्राला मागून कागद डकवत होती, ती बाई घ्यायलाच आली नव्हती.

"काय गं, आज लवकर?"

"आजोबा म्हणाले, जा खाली." टिकलीने थोडा विचार केला. "आई, मोती त्याच्या आईकडे गेला."

फ्रेमवालीच्या हातातला खळीचा ब्रश तसाच राहिला. ती टेबलाला वळसा घालून आली, वाकली आणि मुलीच्या कानामागे नाक नेलं. आंबूस, दुधाळ वास. चाळिशी उलटली होती तिची, तरी तो वास ती झोपेतही ओळखली असती.

"इथेच बस," ती म्हणाली. "हलू नकोस." आणि 'हलू नकोस' हे आपण कुणाच्या आवाजात म्हणालो, हे तिला पहिल्याच पायरीवर कळलं.

मास्तर जिना उतरत होते. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, तोंडाला सुतळी बांधलेली.

"कुठे निघालात?"

"बाजारात."

पिशवीने कुंई केलं.

"बाजारात जाताना पिशवी रिकामी असते, बाबा."

"वाट सोड."

"पिशवी द्या इकडे."

"तुला यातलं काही कळत नाही, तू मधे पडू नकोस," मास्तर म्हणाले. "पाय बघ त्याचे केवढे झालेत. तोंड कोल्ह्यासारखं झालंय. माझा हात हल्ली... वेळ लागतो मला. कुत्र्याला थांबता येत नाही. उद्या दुसरं मिळतंय, सांगून ठेवलंय मी. पोरीला कळणारसुद्धा नाही."

"मला कळलं होतं."

"तुला कळलं म्हणूनच सगळं बिघडलं," मास्तर म्हणाले.

वरच्या पायरीवर आई येऊन उभी राहिली होती. "अगं, हळू बोला, लोक ऐकतील."

"ऐकू देत की! चार लोकांना कळू दे काय घर आहे ते. तू शब्द दिला होतास ना मला?"

"दिला होता गं. पण तुला नाही माहीत, ब्रश हातात धरला की त्यांची थरथर कमी व्हायची. बघवत नव्हतं मला."

"आणि तिच्या मानेला साय कुणी लावली?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आई, कुणी लावली?"

"मीच. त्यांच्या हातून डोळ्यात जात होती तिच्या."

फ्रेमवालीने पिशवीला हात घातला. मास्तरांनी सोडली नाही. एक थरथरता म्हातारा आणि एक प्रौढ बाई, दोघं जिन्यात पिशवी ओढतायत, आत पिल्लू केकाटतंय, आणि शेजारीण वाळत घातलेला टॉवेल हातात घेऊन दारात उभी. शेवटी सुतळी तुटली, पिशवी लेकीच्या हातात आली आणि मास्तरांचा तोल गेला. तिने झटकन त्यांचं कोपर धरलं. ते सावरेपर्यंत धरून ठेवलं आणि सावरल्याबरोबर, तापल्या तव्यावरून हात काढावा तसा काढला.

"चित्र अर्धं आहे," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"राहू दे अर्धं. जन्मात एक तरी अर्धं राहू दे."

ती खाली आली, दुकानातून मागच्या खोलीत गेली, टिकलीला आत बोलावलं आणि पिशवी उघडली. तांबूस रंगाचं, लांबलचक पायांचं, घाबरलेलं पिल्लू बाहेर आलं आणि धावत जाऊन टिकलीच्या गळ्यात पडलं. कानामागे चाटायला लागलं, डोळे मिटून. ऊन खिडकीतून येत होतं. टिकली डोळे अर्धे मिटून हसत होती. हुबेहूब चित्र!

फ्रेमवालीने मोरीवरचं फडकं ओलं केलं, पिल्लाला बखोटीला धरून बाजूला केलं आणि टिकलीचा गाल, कान, मान पुसायला लागली. जोरात.

"आई, दुखतंय!"

"दुखू दे. एकदाच दुखेल. आता बघ तो येतो का तुझ्याकडे. मोठी होऊन कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं."

बापाने केलं तेच ती करत होती. तिला ते कळत होतं, फडकंसुद्धा तसंच होतं, आणि हात थांबत नव्हता. तिने पिल्लाला सोडलं. पिल्लू आलं, टिकलीची मान हुंगली, एकदा शिंकलं. मग वळलं आणि थेट दुकानातल्या खळीच्या डब्याकडे गेलं. डब्यात तोंड घालून लपालपा खायला लागलं.

फ्रेमवाली मुलीच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. आता फुटेल, आता फुटेल.

"खळ खातोय!" टिकली खदखदून हसली. "आई, तो बघ, अख्खी खळ खातोय येडा!"

"तुझ्याकडे नाही आला तो. कळलं का तुला? साय होती म्हणून यायचा."

"माहितेय की."

"काय माहितेय?"

"आजी वाटीतून लावते ना. मला दिसतं की." टिकली डब्यापाशी गेली. "मी पण बिस्किटांसाठीच बसायचे. नाहीतर आजोबांकडे कोण बसेल? हलू पण देत नाहीत. आणि मला छकुली म्हणतात. मी सांगितलं त्यांना, मी टिकली आहे. तर म्हणाले, इथे बसलीस की छकुली, हाक मारली की ओ द्यायची. मग मी वर असले की द्यायचे. खाली कशाला द्यायची?"

एवढं बोलून तिने डब्यातली खळ बोटावर घेतली, स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला फासली आणि जमिनीवर पालथी पडून पिल्लासमोर तोंड नेलं. पिल्लाने नाक चाटलं. टिकलीने परत लावली.

फ्रेमवाली मटकन खुर्चीत बसली. जे कळलं म्हणून ती आयुष्यभर जळत राहिली, ते या कार्टीला ठाऊक होतं, आणि तिच्या लेखी त्याची किंमत एका बिस्किटाएवढी. तिला बरं वाटलं. त्याहून जास्त तिला राग आला, कुणाचा ते सांगता येईना. आपल्याला असं हसता का आलं नाही? एवढं सोपं होतं का ते? ओलं फडकं अजून तिच्या मुठीत होतं आणि त्याचं पाणी मांडीवर गळत होतं.

"हा आता इथेच राहणार का?" टिकलीने जमिनीवरूनच विचारलं.

"राहणार."

"मोठा झाला तरी?"

"घोड्याएवढा झाला तरी."

"मग त्याला मोती नाही म्हणायचं. दुसरं नाव ठेवू."

"ठेव काय ठेवायचं ते," फ्रेमवाली म्हणाली. जिंकली होती ती. पोर तिच्याजवळ होती, कुत्रा तिच्याजवळ होता, वर चित्र अर्धं होतं. तिने डोळे पुसले आणि खळीचा डबा उचलायला उठली.

तेवढ्यात जिन्यावरून हाक आली. म्हातारा आवाज, पण सूर तोच, गोड, चेहरा खुलावा म्हणून मुद्दाम लांबवलेला.

"छकुलीऽऽ!"

टिकलीने मानसुद्धा वर केली नाही.

"ओ!"

फ्रेमवालीला आधी कळलंच नाही कोण बोललं. मग दिसलं, डबा खाली पडलाय, आपण दारापर्यंत धावत आलोय आणि कडीला हात आहे. टिकली जमिनीवरून तिच्याकडे बघत होती, नाकाला खळ.



"तू नाही," मास्तर म्हणाले. "तिला पाठव."